डीएस१८बी२० स्टील प्रोब: राखणीला पक्का, नेमक्या मोजमापाला कच्चा

चिलरचं (यंत्रं थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी, निर्वात करणाऱ्या टर्बो पंपाचं अंग, लेझरचा पॉवर सप्लाय यांच्या तापमानाची रात्रंदिवस नोंद ठेवायची तर हा प्रोब घ्यावा: स्टीलच्या नळीत बसवलेली, तापमान मोजणारी डीएस१८बी२० चिप. प्रत्येक चिपला स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असतो, त्यामुळे एकाच डेटा तारेवर दहा प्रोब सहज चालतात.

अचूकता −१० ते +८५ अंश सेल्सिअसमध्ये ±०.५ अंश. १२ बिटांवर, म्हणजे सर्वांत बारीक मोजणीत, पायरी ०.०६२५ अंशाची दिसते, तिला भुलू नका. पाणी ०.२ अंशाने सरकलं हे कळेल, ते २०.१ आहे की २०.५, हे नाही. सगळे प्रोब एकत्र बांधून ढवळलेल्या बर्फपाण्यात बुडवा आणि शून्यापासूनचा फरक क्रमांकवार लिहून ठेवा.

खरा घोळ दोन आकड्यांचा. वीज आल्यावर पहिली मोजणी होईपर्यंत चिपमध्ये +८५ हाच आकडा असतो. म्हणजे सप्लाय क्षणभर गेला, की पंप तापल्याचा खोटा अलार्म. बरोबर ८५.०००० आलं तर पुन्हा मोजणी करायला लावा, ७५० मिलिसेकंद थांबा, मग वाचा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर मात्र खरं धरा. −१२७ हे तर तापमानच नव्हे, प्रोब सापडत नसल्याची, तो वाचणाऱ्या आर्डुइनो बोर्डाच्या सॉफ्टवेअर लायब्ररीची खूण. ते आलेखातून गुपचूप गाळू नका, त्याला वेगळा अलार्म द्या.

जोडणी तीन तारांनीच करा. डेटा तारेवरच वीज घेणारी दोन तारांची सोय लांब केबलवर दगा देते. डेटा आणि सप्लायमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवा. एकाच जागेहून चहूकडे फाटे फोडू नका, एक मुख्य तार नेऊन तिला आखूड फाटे द्या. सीआरसी (वाचलेला डेटा बिघडला का, ते पडताळणारा आकडा) चुकांची संख्याही लॉगमध्ये घ्या. ती चढू लागली, की एखादा जोड सैल झालेला असतो किंवा केबल मोटरच्या तारांना खेटलेली असते.

गोल नळी सपाट पत्र्याला जेमतेम रेषेपुरती टेकते आणि निम्मं तापमान खोलीचंच दाखवते. मध्ये थर्मल पेस्ट, वर अ‍ॅल्युमिनियम टेप, त्यावर फोम. हवेत लटकवलेला प्रोब तर फारच सुस्त.

नकली चिपा बाजारात उदंड आहेत आणि तारांच्या रंगांचाही भरवसा नाही. वीज उलटी जोडली तर चिप काही क्षणांत चटका बसेल इतकी तापते.

निर्वात चेंबरच्या आत हा प्रोब नको, केबलच्या प्लॅस्टिकमधून वायू सुटत राहतो. द्रव नायट्रोजनपाशीही नको: तिथे −१९६, याची धाव −५५ पर्यंतच. तिथे पीटी१००, म्हणजे प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजणारा सेन्सर, लावा.