बी रुजवण्याचा प्रयोग-संच: डब्या चांगल्या, पुस्तिका अपुरी

मे महिन्यात भाची आठ-दहा दिवस राहायला येणार होती, म्हणून तिच्यासाठी ऑनलाइन एक प्रयोग-संच मागवला. घरातल्या निरनिराळ्या द्रवांत बी रुजते की नाही, हे मुलांनी स्वतः करून पाहावे, अशी त्यामागची कल्पना आहे. किंमत ६४९ रुपये. खोक्यात झाकणाच्या सहा पारदर्शक डब्या, गोल कापलेले गाळणकागद, एक ड्रॉपर, नावे लिहिण्याच्या चिठ्ठ्या, मूग, मेथी व मोहरी यांच्या पुड्या आणि सोळा पानांची एक पुस्तिका निघाली. साधे पाणी, मिठाचे पाणी, साखरेचे पाणी, व्हिनेगर, दूध आणि कोला असे सहा द्रव पुस्तिकेने सुचवले आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे माझी नजर थोडी चिकित्सक होती, हे आधीच सांगून टाकते.

डब्या उत्तम आहेत. झाकण घट्ट बसते, पण हवेसाठी कडेला बारीक खाच ठेवली आहे, आणि तळ इतका स्वच्छ आहे की मोडाची लांबी खालून पट्टी लावून मोजता येते. गाळणकागदही चांगल्या जाडीचे आहेत. साहित्याची निवड करणाऱ्या व्यक्तीला विषय कळत होता. पुस्तिका लिहिणाऱ्याला मात्र तो तितकासा कळला नसावा, अशी शंका पहिल्याच दिवशी आली.

पुस्तिकेप्रमाणे प्रत्येक डबीत दहा मूग ठेवून त्यावर २० मिलिलिटर द्रव ओतायचा होता. तसे केल्यावर सगळे मूग पूर्ण बुडाले. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याच्या डबीतही दहापैकी चारच मुगांना मोड दिसले आणि पाण्याला वास येऊ लागला. त्याच पुडीतले उरलेले मूग मी नेहमीप्रमाणे रात्रभर भिजवून, सकाळी निथळून फडक्यात बांधून ठेवले होते. त्यांना बोटाच्या पेराएवढे मोड आले. भाचीने दोन्ही शेजारी ठेवून विचारले, "मावशी, पाणी तर दोघांनाही दिलं होतं ना?" प्रश्न अगदी नेमका होता. रुजताना बीचा श्वसनवेग एकदम वाढतो आणि त्याला प्राणवायू लागतो. पाण्याखाली तो फारच थोडा मिळतो. मटकी निथळून बांधायची असते, हे मराठी स्वयंपाकघरात सांगावे लागत नाही, पण प्रयोग-संचाच्या पुस्तिकेत ते लिहिलेले नाही. ज्या डबीशी बाकी सगळ्यांची तुलना करायची, तीच जर बिघडलेली असेल, तर पुढच्या पाच डब्यांतल्या निकालांना काही अर्थ उरत नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत आम्ही गाळणकागद फक्त ओला राहील इतकाच द्रव ड्रॉपरने घातला. मुगांची संख्याही दहावरून पंचवीस केली. दहा बियांत एक बी म्हणजे दहा टक्के होतात, आणि मुगात गणंग असतातच. त्यांच्या टणक सालीतून पाणी आत शिरत नाही, त्यामुळे ते दोन दिवसांनीही कोरडे-ठाक राहतात. असे दोन गणंग एखाद्या डबीत गेले तर मूल सगळा दोष त्या द्रवाला देईल. बीज परीक्षणाच्या प्रयोगशाळेत शंभर-शंभरच्या गटांनी चारशे बिया तपासतात, तो आकडा उगाच ठरवलेला नाही. संचातल्या मुगाच्या पुडीत जेमतेम ऐंशी दाणे असल्याने आम्हाला डब्यातले घरचे मूग वापरावे लागले. शिवाय त्या पुड्यांवर ना उगवणक्षमता छापली होती, ना चाचणीची तारीख. शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या बियाण्याच्या पिशवीवर दोन्ही असतात आणि प्रमाणित मुगाची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. बियांवरच्या प्रयोगाच्या संचात एवढी माहिती असायला हवी होती.

आता मिठाकडे वळते, कारण माझ्या मते या संचातला सर्वांत मोलाचा प्रयोग तोच आहे आणि पुस्तिकेने तो चार ओळींत उरकला आहे. अर्धा कप पाण्यात एक चमचा मीठ घाला, बी रुजणार नाही, कारण मीठ बियांसाठी विषारी असते, एवढेच तिथे लिहिले आहे. घरचा चमचा आणि कप मोजून पाहिले तर हे द्रावण साधारण पाच टक्क्यांचे होते. समुद्राचे पाणीसुद्धा साडेतीन टक्के खारट असते. इतक्या तीव्र द्रावणात बी रुजले नाही यात नवल काय? आम्ही अर्धा टक्का, एक टक्का आणि पाच टक्के अशी तीन द्रावणे केली. अर्ध्या टक्क्यात बहुतेक मूग रुजले, पण मोड आखूड राहिले. एका टक्क्यात निम्म्याहून कमी रुजले आणि तेही एक दिवस उशिरा. पाच टक्क्यांत एकही नाही. ही उतरण पाहिली की मीठ पाण्याला धरून ठेवते आणि बीला ते ओढून घेणे अवघड होत जाते, हे दहा वर्षांच्या मुलीलाही समजते. परासरण हा शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

तीन दिवसांनी पाच टक्क्यांच्या डबीतले मूग आम्ही चार पाण्यांनी धुतले आणि ताज्या ओल्या कागदावर ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या अकरा मुगांना मोड आले. व्हिनेगरमधले मूगही तसेच धुऊन ठेवले. ते टम्म फुगलेले होते, त्यांची सालही सुटली होती, पण त्यांपैकी एकही रुजला नाही. मिठाने बीला बव्हंशी अडवून धरले होते, तर व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाने आतला अंकुरच मारला होता; फुगणे म्हणजे जिवंत असणे नव्हे, कारण मेलेले बीसुद्धा पाणी शोषते. पुस्तिकेच्या तक्त्यात दोन्हीपुढे एकच फुली मारायची आहे. बी धुऊन पुन्हा पाण्यावर ठेवा, ही एक ओळ जोडली असती तर हा संच दुप्पट किमतीचा ठरला असता. कोकणात भाताचे बियाणे पेरण्यापूर्वी तीन टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून, बुडवतात. वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकतात आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन वापरतात. मीठ बियांसाठी विषच आहे असे वाचलेल्या मुलाला हे कसे समजावायचे?

साखरेच्या पाण्याबद्दल पुस्तिका म्हणते की साखरेमुळे बियांना जास्त शक्ती मिळून ती लवकर रुजतात. आमच्याकडे तसे काही झाले नाही. दहा टक्के साखरेत मूग रुजले ते रखडतच, आणि तिसऱ्या दिवशी कागद चिकट होऊन त्यावर बुरशी धरली. मुगाच्या दोन्ही डाळिंब्यांत सुरुवातीच्या वाढीपुरती शिदोरी भरलेली असते. त्याला बाहेरून साखर नको, पाणी हवे. पाणी धरून ठेवण्याच्या बाबतीत एक ग्रॅम मिठाची बरोबरी करायला सुमारे अकरा-बारा ग्रॅम साखर लागते, म्हणून चमचाभर साखरेने काही बिघडलेले दिसत नाही आणि साखर चांगली, मीठ वाईट असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कोल्यात साखर आणि आम्ल दोन्ही असल्यामुळे बी कशामुळे अडले हे त्या एका डबीवरून ठरवता येत नाही. आमच्या डबीत फक्त दोन मुगांना नखाएवढे मोड दिसले. साखरेची डबी शेजारी होती म्हणून आम्लावर संशय घेता आला. सामू, म्हणजे द्रव किती आम्लधर्मी आहे ते, मोजण्याच्या चार कागदी पट्ट्या संचात घातल्या असत्या तर खर्च फारसा वाढला नसता. दुधाविषयी फार लिहीत नाही: मे महिन्याच्या उकाड्यात ते सहा तासांत नासले आणि ती डबी गॅलरीत न्यावी लागली. पुस्तिकेत दुधाचा प्रयोग पाच दिवसांचा आहे. त्याऐवजी तांदळाचे धुवण किंवा कोरा थंड चहा सुचवता आला असता. चहात आमचे मूग जवळजवळ पाण्याइतकेच चांगले रुजले.

पुस्तिकेची मराठीही खटकते. बीजावरणाला एका पानावर 'बियाणे कोट' म्हटले आहे आणि पुढच्या पानावर नुसतेच 'कव्हर'. विक्रेत्याला या चुका कळवल्या. सात दिवसांच्या आत परत करता येईल, असे उत्तर आले. परत केला नाही.

घरात मूग, जुनी झाकणाची डबी आणि टिपकागद असेल तर हा संच घेण्याची गरज नाही. शाळेसाठी किंवा भेट म्हणून घ्यायचा असेल तर डब्यांसाठी घ्यावा, द्रव थेंबांनी मोजावा, प्रत्येक डबीत किमान पंचवीस दाणे ठेवावेत आणि दुधाचे पान वगळावे. पाचपैकी तीन तारे देते. त्यातले दोन डब्यांचे आहेत आणि एक मोहरीच्या पुडीचा, कारण तिच्यातले दाणे दीड दिवसात एकजात उगवले.