मेथोट्रेक्सेट की मायकोफेनोलेट? युव्हिआयटिसची दुसरी गोळी निवडताना

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. त्यात स्टेरॉइड उतरवायची वेळ आली की डोळ्याचे डॉक्टर प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांची ही दोन नावं पुढे ठेवतात. टीबी, सिफिलिस वगैरे संसर्गामुळे दाह नाही ना, हे तपासून झालं असेल, असं धरून चालतो. मला व्हीकेएच (व्होग्ट-कोयानागी-हराडा, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून होणारा युव्हिआयटिस) आहे, दोन्ही डोळ्यांत. दोन्ही औषधं मी घेतली आहेत.

२०१९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, याच दोन औषधांच्या चाचणीत २१६ रुग्ण होते, त्यातले बरेच भारतातले. सहा महिन्यांनी स्टेरॉइड कमी करूनही दाह आटोक्यात राहिला तो मेथोट्रेक्सेटवर ६६.७ टक्के आणि मायकोफेनोलेटवर ५७.१ टक्के जणांचा. एवढ्यावरून एक सरस ठरत नाही. पण डोळ्याच्या मागच्या किंवा सगळ्याच भागात दाह असणाऱ्यांत हेच आकडे ७४.४ आणि ५५.३ होते, आणि व्हीकेएच त्याच गटात येतो. मधल्या भागाच्या दाहात कल उलटा दिसला, पण ते रुग्ण थोडे होते.

मायकोफेनोलेटने माझे डोळे शांत ठेवले, पोट मात्र अधूनमधून बिघडायचं. तेही चाललं असतं. नडलं ते गोळ्या मिळवणं. पूर्ण डोस म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या रोज. दहाची स्ट्रिप दोन दिवसही पुरत नाही. आमच्या तालुक्याच्या गावात एकही मेडिकलवाला ती ठेवत नाही, कोल्हापूरहून मागवावी लागते. पावसात घाट बंद झाला की डबीत किती उरल्या ते रोज बघायचं, आणि खंड पडला तर दाह उसळेल ही धास्ती वेगळीच. मेथोट्रेक्सेट संधिवातवाल्यांमुळे इथेही सहज मिळतं, आणि कितीतरी स्वस्त.

त्याचाही त्रास आहेच. शनिवारी रात्री जेवून गोळ्या घेतल्या की रविवारी सकाळी फोडणीचा वास सहन होत नाही, दुपारपर्यंत ओसरतं. फोलिक ॲसिड सुरू झाल्यापासून बरंच सुसह्य झालंय. एक मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं.

रक्ततपासण्या दोन्हीकडे सुटत नाहीत, आणि गरोदरपणात दोन्ही वर्ज्य. यकृताची तक्रार असेल किंवा दारू सुटत नसेल, तर मायकोफेनोलेटकडे झुकणंच बरं. शहरात औषध दारात येत असेल तर माझी मुख्य अडचण तुम्हाला नसेलही. तरी दाह मागच्या भागात असेल, तर डॉक्टरांशी बोलताना आधी मेथोट्रेक्सेटचा विषय काढावा, असं मला वाटतं.