शिराळ्यातील सर्पमित्रांची सेवा : मनापासून शिफारस

पंचमीला नागाला भाऊ मानून उपवास धरणाऱ्या आमच्या बत्तीस शिराळ्याच्या घरातही, वैरणीच्या गंजीत साप दिसला की आजेसासऱ्यांच्या काळापासून हात काठीकडेच जात असे. यंदा सर्पमित्रांना बोलावले. निमुळते डोके, मोठे डोळे आणि ओठांवरच्या काळ्या उभ्या रेषा दाखवत, ही बिनविषारी धामण असून उंदरांचा फडशा पाडते, हे त्यांनी इतक्या धीराने समजावले की दारामागे उभ्या असलेल्या सासूबाई आपणहून पुढे आल्या. नाग, मण्यार, घोणस व फुरसे कसे ओळखावेत आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय का गाठावे, हेही मुलांना नीट सांगितले. फोन लागायला वेळ लागतो, एवढीच उणीव. पैसे मागत नाहीत. पेट्रोलचे आपणच आग्रहाने द्यावेत.