भिरंडेल म्हणून घेतलेलं मलम

सांगायची लाज वाटते, कारण आमच्या घरात भिरंडेल, म्हणजे कोकम बटरच, दर वर्षी निघतं. सासूबाई कोकमाच्या बिया कुटून, कढवून मुटके वळतात. तरी मी मार्गशीर्षातल्या जत्रेत 'शुद्ध कोकम बटर, इसबावर रामबाण' घेतलं. डबी 480 रुपयांची, तीन घेतल्या, 1,440. मुलगा सहा वर्षांचा, गुडघ्यामागे खाजवून रक्त काढायचा. रात्र रात्र जागणारी आई काय वाट्टेल ते घेते, हसू नका.

तिसऱ्या दिवशी लाली गायब! मग फोनवरून 'पूर्ण कोर्स', 3,600 यूपीआयने. एकूण 5,040.

डबीत बोट घातलं तेव्हा ते लोण्यात जावं तसं आत गेलं. तिथेच डोळे उघडायला हवे होते. भिरंडेल थंडीत मेणबत्तीसारखं घट्ट असतं, पळीत घेऊन निखाऱ्यावर धरल्याशिवाय टाचेला लागत नाही. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, "ह्या भिरंडेल न्हय गो." मी म्हटलं, आई, हे कंपनीचं आहे. कसली कंपनी? डबीवर ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना घटक. आणि नुसतं स्निग्ध मलम कातडी मऊ ठेवतं, तीन दिवसांत लाली पुसत नाही. पुसली तर आत स्टेरॉइडचा संशय घ्याच.

दोन महिन्यांनी थांबवलं तर दुप्पट उसळलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पातळ झालेली कातडी बघूनच स्टेरॉइड ओळखलं. 2018 मध्ये सरकारने कितीतरी स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली, आणि इथे ती जत्रेत खाज्याच्या शेजारी!

तक्रारीला गेले तर एका कार्यालयात म्हणाले, बिल आणा. जत्रेत बिल कोण देतं? दुसरीकडे म्हणाले, डबी उघडलेली आहे, नमुना चालत नाही. न उघडता मला कळणार कसं होतं? पोलीस ठाण्यात साहेब विचारतात, "शिकलेल्या ना तुम्ही?" तीन फेऱ्या, तीन दिवसांची रजा, हातात पोचपावतीसुद्धा नाही.

पैसे गेले की त्याच दिवशी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी आठवडा घालवला. आता डॉक्टरांनी बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली दिलीय. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायची, डबीतून चमच्याने काढायची, बोटाने नाही. न्हाणीतली फरशी निसरडी होते, पोराचा हात धरा. आणि असं मलम मुरलेला सदरा चुलीपाशी, निरांजनापाशी नको. तो भसकन पेटतो, धुतला तरी चिकटा पूर्ण जात नाही.

त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसला नवी डबी होती, 550 रुपये.