डॉक्टरने नोंदणी सोडली आणि केस बंद! कौन्सिलच्या तक्रार सेवेचा आमचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

डॉक्टरांच्या कौन्सिलकडे (डॉक्टरांची नोंदणी ठेवणारी संस्था, ही नोंदणी असली तरच प्रॅक्टिस करता येते) तक्रार करायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मला हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

बाबा वॉरफरिन घेतात, रक्त पातळ ठेवायची गोळी. गुडघा दुखतोय म्हणून ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी चालू गोळ्या कुठल्या हे न विचारताच डायक्लोफिनॅक हे दुखणं कमी करायचं औषध लिहून दिलं, ही दोन औषधं एकत्र घेतली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका खूप वाढतो आणि तेच झालं, काळी शी, चक्कर, थेट आयसीयू. बाबा वाचले. पण दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून तक्रार केली.

सुरुवात खरंच चांगली होती. फॉर्म सोपा, प्रिस्क्रिप्शनचे फोटो टाकता आले, पोचपावती लगेच आली. ज्या मॅडमकडे केस होती त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं की नुकसानभरपाई हवी असेल तर कोर्ट वेगळं, आमच्याकडे हा माणूस प्रॅक्टिस करायला योग्य आहे का एवढंच बघतात. हे स्पष्ट बोलणं मला आवडलं.

मग कित्येक महिने शांतता, आणि एक दिवस चार ओळींचं पत्र. संबंधित डॉक्टर आता नोंदणीकृत नाहीत, कारवाई पुढे चालवणं जनहिताचं नाही, सबब प्रकरण बंद. मी दोन दिवस ते पत्र बाबांना दाखवलंच नाही. म्हणजे राजीनामा दिला की सुटका?

फोन केला. मॅडम अर्धा तास बोलल्या आणि मला मान्य करावं लागलं की मुद्दा अगदीच चुकीचा नाही. शिस्तभंगाची कारवाई शिक्षेसाठी नसते, पेशंटच्या सुरक्षेसाठी असते. डॉक्टर वयस्कर, परत प्रॅक्टिस करणार नाही असं लेखी दिलेलं, मग सुनावणी, वकील, तज्ज्ञ, बाबांना साक्षीला बसवून उलटतपासणी, हे सगळं कशासाठी? तेवढ्या वेळात आज पेशंट तपासणाऱ्या कोणाची तरी केस पुढे सरकेल. पटलं मला. लैंगिक गैरवर्तन, फसवणूक असल्या प्रकरणात मात्र हे चालता कामा नये, तिथे झालेलं चूक होतं हे जाहीरपणे ठरणं हेच जनहित आहे.

पण केस बंद करताना काय मागे ठेवलं, सगळं त्यावर आहे. ऑस्ट्रेलियात नोंदणी सोडलेल्या माणसावरही ट्रायब्युनलमध्ये (अशा केसेस ऐकणारं न्यायाधिकरण) केस चालवता येते, पुन्हा अर्ज करायला ठराविक काळ बंदी घालता येते, आरोग्यसेवा देण्यावरही बंदी घालता येते. ब्रिटनमध्ये तक्रार चालू असताना डॉक्टरने रजिस्टरवरून नाव काढून मागितलं तर ते आपोआप निघत नाही, आधी जनहित तपासतात. आमच्या पत्रात यातलं काहीच नव्हतं! लेखी हमी घेतली हे मला फोनवर कळलं. आमचे ते डॉक्टर उद्या दुसऱ्या देशात गेले आणि तिथल्या लोकांनी यांचा रेकॉर्ड मागवला तर ही तक्रार दिसणार का? हे विचारलं तेव्हा मॅडमनी बघून सांगते म्हटलं, आणि खरंच दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की फाईल राहते आणि पुन्हा नोंदणी मागितली तर तिथूनच उघडते.

मग हे लेखी का नाही दिलं?? एक स्टार त्याचा कापला. दुसरा स्टार, बंद करण्याआधी आम्हाला एका शब्दाने विचारलं नाही म्हणून. आम्ही कदाचित हो म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं.

तुमच्याकडे असं पत्र आलं तर फोनवर समाधान मानू नका. कारणं लेखी मागा, हमीपत्र घेतलं का विचारा, रजिस्टरवर त्या नावापुढे काय लिहिलंय ते स्वतः बघा आणि फेरविचाराची मुदत असेल तर ती चुकवू नका. मी अर्ज केला तेव्हा दोन पानी कारणं आली, त्यात औषधाची चूक स्पष्ट शब्दात लिहिलीये. ती पानं बाबांनी स्वतः वाचली, चष्मा लावून, दोनदा.