पॅचेबल फंक्शन एन्ट्री: फीचर झकास, पण बिनयुटिल्सचं (ग्नूच्या असेंब्लर-लिंकर संचाचं) व्हर्जन बघून वापरा

ट्रेसिंग (कोणतं फंक्शन कधी चाललं ते टिपणं) किंवा लाइव्ह पॅचिंगसाठी (प्रोग्रॅम न थांबवता कोड बदलणं) चालू प्रोग्रॅममधलं फंक्शन हुक करायचं, म्हणजे मध्येच आपला कोड घुसवायचा असेल तर जीसीसी आणि क्लँग या कंपायलरमधला पॅचेबल फंक्शन एन्ट्री हा ऑप्शन मला मनापासून आवडतो. जीसीसीत ८ पासून आहे, क्लँगमध्ये १० पासून. फंक्शनच्या तोंडाशी सांगाल तेवढे नॉप (काहीच न करणाऱ्या सूचना, ज्यांच्या जागी नंतर आपला कोड टाकता येतो) टाकतो आणि ते कुठे टाकले ते पत्ते ऑब्जेक्ट फाइलच्या एका वेगळ्या सेक्शनमध्ये, म्हणजे भागात, लिहून ठेवतो. लिनक्स कर्नलचं आर्म ६४ वरचं एफट्रेस (कर्नलचं ट्रेसिंगचं साधन) ५.५ पासून हेच वापरतंय.

नॉपचं काही नाही हो, खरी कसोटी लागते ती पत्त्यांच्या सेक्शनची. जीसी-सेक्शन्स (नको असलेली सेक्शनं गाळायचा लिंकरचा ऑप्शन) चालू केलं की ज्याला कोणी रेफर करत नाही ते लिंकर, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली जोडून बायनरी बनवणारा प्रोग्रॅम, काढून टाकतो, आणि या सेक्शनला कोडमधून सहसा कोणीच रेफर करत नाही, त्यामुळे फंक्शन राहतं, नॉप राहतात आणि पत्ते मात्र गायब. बरं, लिंकर स्क्रिप्टमध्ये कीप (हे काढू नको अशी सूचना) लावून ते सेक्शन वाचवलं तर त्यात ज्या ज्या फंक्शनचा पत्ता आहे ते सगळं जिवंत राहतं, म्हणजे नको असलेला कोडपण बायनरीत, मग जीसी चालवून उपयोग काय? सी++ मध्ये वेगळंच दुखणं, इनलाइन फंक्शनच्या कॉम्डॅट ग्रुपची (अनेक फाइलींत आला तरी एकच ठेवायचा सेक्शनांचा गट) डुप्लिकेट कॉपी लिंकर टाकून देतो आणि ग्रुपबाहेरचा एखादा पत्ता तिच्याकडेच बोट दाखवत असेल तर थेट एरर.

यावरचा तोडगा एकदम चोख आहे. दर टेक्स्ट सेक्शनला (ज्यात फंक्शनचा कोड असतो) स्वतःचं मेटाडेटा सेक्शन, म्हणजे पत्त्यांचं सेक्शन, त्याला लिंक ऑर्डर फ्लॅग (हे त्या टेक्स्ट सेक्शनशी बांधलेलं आहे अशी खूण), आणि कॉम्डॅट असेल तर त्याच ग्रुपमध्ये. रीडएल्फने (ऑब्जेक्ट फाइलीतली सेक्शनं दाखवणारं साधन) बघा, फ्लॅगमध्ये डब्ल्यू आणि ए सोबत एल दिसतो आणि एलके कॉलममध्ये त्या टेक्स्ट सेक्शनचा नंबर. टेक्स्ट राहिलं तर हे राहणार, टेक्स्ट गेलं तर हे पण जाणार, मधलं काही नाही. मेटाडेटा असाच असायला हवा!

जीसीसीत हे ११ पासून मिळतं, पण जीसीसी बिल्ड करताना असेंब्लरला तो फ्लॅग कळला तरच, आणि ग्नू असेंब्लरला तो २.३५ पासून कळतो. ग्नू लिंकर २.३६ च्या आधीचा असेल तर फ्लॅगवाली आणि बिनफ्लॅगची सेक्शनं एकाच आउटपुट सेक्शनमध्ये आली की तो लिंक करायलाच नकार देतो, म्हणून क्लँगला बिनयुटिल्सचं व्हर्जन सांगायचा ऑप्शन आहे तो नीट भरा. जुन्या कंपायलरच्या ऑब्जेक्ट फाइली मिसळणार असाल तर आधी प्रत्येकीत एल आहे का ते बघूनच पुढे जा.