आठ महिने ‘सीएमपीआरएसके’ वापरल्यावर: केळीच्या बागेतला हिशेब

रावेरकडे मामांच्या मळ्यात अर्धी बाग टिश्यूकल्चरची, अर्धी कंदाची. कोणती लवकर निसवते, म्हणजे घड बाहेर टाकते, एवढंच मला पाहायचं होतं. लावणीपासून निसवणीपर्यंतचे दिवस नोंदवले. मधेच हरण्या, म्हणजे सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, दिसला की झाड उपटून टाकायचं. अशी झाडं मी ‘पुढचं माहीत नाही’ धरून कापलान-मायर, म्हणजे अमुक दिवसापर्यंत किती टक्के निसवली याचा अंदाज देणारा आलेख, काढला. आलेख पाहून मामा म्हणाले, “उपटेल झाड निसवतं का रे भो?”

चूक तिथेच होती. समजा, १०० झाडांतली ४० आधीच उपटली आणि उरलेल्या ६० पैकी ५४ निसवली. कापलान-मायर सांगतो ९० टक्के, मळ्यात घड मात्र ५४. उपटलेली झाडंही राहिली असती तर इतरांसारखीच निसवली असती, असं तो धरून चालतो.

म्हणून ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं ‘सीएमपीआरएसके’ हे फुकट पॅकेज घेतलं; एक घटना घडली की दुसरी घडूच शकत नाही, अशा हिशेबासाठी ते आहे. लिहिणारे तेच ग्रे, ज्यांची गटांतला फरक तपासणारी १९८८ ची चाचणी यात आहे. त्यातल्या ‘क्युमइन्क’ फंक्शनला दिवस, घटना आणि गट दिले की दोन्ही गटांच्या रेघा आणि ग्रेची चाचणी एकदमच मिळते. हे झकास.

गोंधळ पुढे झाला. लॉगरँक ही गट तोलायची नेहमीची चाचणी म्हणे फरक नाही, ग्रे म्हणे आहे! आठवडाभर कोड तपासत बसलो. कोड बरोबरच होता, प्रश्न दोन होते. उभ्या असलेल्या झाडांचा निसवण्याचा वेग लॉगरँक तोलतो; तिथे उपटलेली झाडं बाजूला काढणं चालतं. लावलेल्यांपैकी अमुक दिवसापर्यंत किती निसवली, हे ग्रे तोलतो. एका गटात हरण्या जास्त असला की वेग सारखा असूनही घड कमी येतात. आता मी हरण्याची रेघही शेजारी काढतो, नाहीतर फरक कुठून आला ते कळत नाही.

याच पॅकेजमधल्या ‘सीआरआर’ फंक्शनवर मात्र राग आहे. त्यामागचं फाइन आणि ग्रे यांचं १९९९ चं मॉडेल चांगलं, पण सूत्र लिहायची सोय नाही, मॅट्रिक्स हाताने बनवा. शिवाय न सांगितल्यास घटना १ हीच मुख्य धरतो. माझ्या नोंदवहीत १ म्हणजे हरण्या. दोन दिवस मी दोन गटांतलं रोगाचं गुणोत्तर निसवणीचं म्हणून मिरवत होतो. नवख्यांनी ‘टायडीसीएमपीआरएसके’ हे पॅकेज घ्यावं, त्यात सूत्र चालतं.

नवा आलेख मामांना दाखवला. चाचणीचा निकाल सांगणाऱ्या पी-व्हॅल्यूकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. रेघ वर जाता जाता कुठे आडवी झाली, तिथे बोट ठेवून म्हणाले, “याच्या वरची हरण्यानं नेली.”